कोटाचं दुसरं बटण

"कमरेत दोन बोटं सैल करा, मास्तर. पोट काही ऐकत नाही," असं म्हणत गल्लीतल्या औषधवाल्यानं काळा कोट शिंप्याच्या टेबलावर टाकला.

मास्तरांनी कोट उलटसुलट करून पाहिला. तयार कपड्यांच्या दुकानातला माल. बटणं मशिनवर लावलेली, दोन झटक्यांत निघतील अशी. पण दुसरं बटण मशिनचं नव्हतं. मुळाशी दोऱ्याचे तीन वेढे आणि गाठ अस्तराच्या आत दडवलेली. मास्तरांचा अंगठा तिथंच थांबला.

असं बटण जगात एकच बाई लावायची. वेढे मास्तरांनीच शिकवले होते, लग्नाच्या पहिल्या वर्षी. गाठ दडवायची युक्ती मात्र तिची स्वतःची. बावीस वर्षं दुकानाची सगळी काजं-बटणं ती घरी बसून करत होती. एखादं चिकित्सक गिऱ्हाईक बटण ओढून बघायला लागलं की मास्तर हसायचे, "अहो, कापडावर विश्वास ठेवू नका, ते पाण्यात आखडतं. आमच्या घरच्या बटणावर ठेवा! मी आजवर एकदासुद्धा ओढून बघितलेलं नाही."

आणि हा कोट तर दुकानात आज पहिल्यांदाच आला होता.

"बटण झकास लावलंय. कुणी लावलं?"

"ते होय? मीच की," औषधवाला रस्त्याकडे बघत म्हणाला. "एकट्या माणसाला सगळंच यावं लागतं."

मास्तरांनी कोटाची घडी घातली. "संध्याकाळी न्या," एवढंच ते बोलले.

दुपारी जेवायला गेले ते कोट घेऊनच. बायको खिडकीशी शर्टांना बटणं लावत बसली होती. त्यांनी कोट तिच्या मांडीवर ठेवला.

"हे दुसरं बटण कुणी लावलं गं?"

कोट कुणाचा, हे तिनं विचारलंच नाही. सुई शर्टात खोचून ठेवली.

"मी. लोंबत होतं. हात आपोआप गेला."

"कसंतरी लावायचं होतंस. मला कळलं तरी नसतं."

"मला तसं येत नाही हो."

"कधीपासून चाललंय?"

"दोन वर्षं होतील."

मास्तर पाटावर बसले. दोन वर्षं! आपण गल्लीभर हिचे गोडवे गात होतो, तेव्हा गल्ली तोंडाला पदर लावून हसत असणार. लाज वाटली, संताप आला. पण सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तिनं त्याच्या कोटाची गाठसुद्धा तितक्याच मायेनं दडवली होती.

"सोडशील त्याला?"

सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान तिनं काढून ठेवलं.

"हो म्हटलं, तर खरं वाटेल तुम्हाला?"

मास्तर कोट उचलून उठले. ताट तसंच राहिलं.

संध्याकाळी औषधवाला येऊन कोट घेऊन गेला. "अगदी मापात बसला, मास्तर!" म्हणाला. मास्तरांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रोजच्यासारखा शर्टांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला. दुकानात पोचल्यावर मास्तरांनी दार अर्धंच उघडलं. गठ्ठा सोडला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच एकेक बटण चिमटीत धरून ओढून बघितलं. सात शर्ट झाले. एकही बटण हललं नाही.

मग त्यांनी पहिला शर्ट पुन्हा हातात घेतला आणि वरचं बटण चिमटीत धरलं.