सहावं बिऱ्हाड

जावई चांगला निघाला की सासूची मोठी पंचाईत होते. वाईट असता तर चार बायकांत बसून त्याला नावं ठेवता आली असती. या जावयात ती सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी सासूबाई एकट्या पडल्या, गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिला, तेव्हा मुलीच्याही आधी तोच म्हणाला होता, "आई, इथेच या. खोली आहे की."

खोली होती, पण रिकामी नव्हती. तिथे त्याचा सिंथेसायझर होता, पेटीसारख्या पट्ट्यांचं विजेवरचं वाद्य. पलंगाच्या रुंदीएवढ्या लांबीचं, तीसेक वर्षांचं जुनं धूड, पुढे बटणांची दाटी. कॉलेजात असताना शिकवण्या करून त्याने तो विकत घेतला होता आणि रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की तासभर तो वाजवत बसायचा. सासूबाई यायच्या आदल्या दिवशी त्याने तो उचलला, पॅसेजमधल्या कपाटामागे आडव्याचा उभा करून ठेवला आणि वर जुनी चादर टाकली. त्याबद्दल तो कधी एका अक्षराने बोलला नाही. सासूबाईंना नेमकं तेच खात होतं.

मग त्या घरात पाहुणीसारख्या राहिल्या. पंखा लावायच्या आधी विचारायच्या. स्वतःचा कप लगेच विसळून ठेवायच्या. आभार मानायला तोंड उघडलं की जावई "काहीतरीच काय, आई" म्हणून विषय बदलायचा. आभार पोटात ठेवून जगणं किती जड असतं हे ज्याला कुणाच्या घरी राहावं लागलं आहे त्यालाच कळेल.

एका सोमवारी सकाळी चहा घेताना जावई मुलीला म्हणाला, "तो सिंथ न्यायला रविवारी माणूस येतोय. सुटे भाग काढून घेईल म्हणाला."

"अरे, का पण?"

"काल उघडून बघितला. आतली बॅटरी गळलीय. उभा होता ना, सगळं ओघळून खालच्या अर्ध्या बोर्डावर उतरलंय. हिरवंगार झालंय. जाऊ दे, कामातून गेला."

तो उठून ऑफिसला गेला. सासूबाईंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मशीन उभं कुणामुळे ठेवलं होतं, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

आता सासूबाईंविषयी थोडं सांगायला हवं, कारण घरातले विसरले होते. आई "कारखान्यात होती" एवढंच मुलीला ठाऊक. कारखाना इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांचा होता आणि तिथे सासूबाई एकतीस वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसल्या होत्या. इतरांनी हात टेकलेले सर्किट बोर्ड त्यांच्याकडे यायचे आणि बहुतेक जिवंत होऊन जायचे. कारखान्यातल्या पोरी त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायच्या. निवृत्त होताना भेट म्हणून मिळालेलं घड्याळ कधीच बंद पडलं, पण भिंग, मीटर आणि सोल्डरिंगची कांडी त्यांनी ट्रंकेत जपून ठेवली होती. जावई गेल्यावर त्यांनी ती ट्रंक उघडली.

"आई, हात नको लावूस हं," मुलगी म्हणाली. "आणखी काही बिघडलं तर?"

"भंगारात निघालेल्याचं मी काय बिघडवणार? सहा दिवस आहेत. त्याला सांगू नकोस."

मुलीने नाइलाजाने आईबरोबर बळ लावून ते धूड खोलीतल्या टेबलावर आणलं, जावयाला कळू नये म्हणून कपाटामागे चादरीखाली रिकामं खोकं उभं केलं आणि ती कामावर गेली. सासूबाईंनी सोळा स्क्रू काढले, वाटीत न टाकता प्रत्येक स्क्रू ज्या भोकातला त्याच क्रमाने कागदावर टोचून ठेवला. ही कारखान्याची शिस्त. मग त्यांनी आत पाहिलं. बोर्डाच्या एका अंगाला पांढरी, निळी, हिरवी बुरशी चढल्यासारखी दिसत होती. तांब्याच्या केसाएवढ्या रेघा त्या हिरव्यात शिरत होत्या आणि पलीकडे बाहेरच पडत नव्हत्या.

पहिली चूक त्यांनी लगेच केली. वजनकाट्यांच्या बॅटरीत आम्ल असायचं, त्यामुळे गळती दिसली की खायचा सोडा लावायचा, हे हातात इतकं मुरलेलं की डोक्याला विचारायचं राहूनच गेलं. सोड्याची पेस्ट लावली, वाट बघितली. फेस येईना. मग त्यांनी कापून काढलेली बॅटरी उचलून नीट पाहिली. तीन छोट्या नळकांड्यांची जुडी. ही जात वेगळी. यातून आम्ल नाही, त्याच्या उलट जातीचा खार गळतो, आणि खारावर सोडा म्हणजे मिठाच्या डब्यात मीठ.

"एकतीस वर्षं काय भाजी निवडत होतीस का गं?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. सगळं धुतलं, वाळवलं आणि स्वयंपाकघरातून व्हिनेगर आणलं. जुन्या टूथब्रशने दोन थेंब लावताच बारीक चुरचुर करत फेस आला. तो आवाज ऐकून त्यांना इतका आनंद झाला की खोलीत कुणी नसताना त्या हसल्या.

मंगळवार घासण्यात गेला, बुधवार मोजण्यात. हात थोडा थरथरायचा, पण मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं की थांबायचा. सर्किटचा नकाशा कुठला मिळायला? पण नशीब असं, की या मशीनमध्ये सहा सूर एकदम वाजावेत म्हणून आत सहा सर्किटं होती, एका ओळीत, अगदी सारखी. चाळीतली सहा बिऱ्हाडंच, प्रत्येकाची चूल त्याच कोपऱ्यात, मोरी त्याच कोपऱ्यात. पहिली चार कोरडी होती. पाचवं आणि सहावं बुडालेलं. त्यामुळे अडलं की चौथ्यात डोकावायचं: तिथली रेघ कुठून कुठे जाते ते बघायचं आणि पाचव्यात तशीच बारीक वायर टाकायची. गुरुवारी दुपारी त्यांनी मशीन चालू केलं आणि एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबली. दर वेळी दाबल्यावर पुढचं बिऱ्हाड उत्तर देतं, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. पाचदा आवाज आला. सहाव्यांदा काहीच नाही.

शुक्रवारही तसाच गेला. चौथ्यात जे होतं ते सगळं त्यांनी सहाव्यात केलं होतं. मीटर प्रत्येक जोडणीला बिनतक्रार वाजत होता. तरी पाच सूर आणि एक मौन.

शनिवारी दुपारी जावई अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन घरी आला. सासूबाई कपाळाला भिंग बांधून बोर्डावर वाकलेल्या, पलंगभर वायरीचे तुकडे, खोलीत व्हिनेगरचा वास. तो दारातच उभा राहिला.

"आई, हे काय?"

चोरी पकडली गेल्यासारख्या सासूबाई उठल्या आणि दोन वर्षं साठलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. "माझ्यामुळे झालं हो हे. माझ्यासाठी तुम्ही खोली दिलीत, हे उभं ठेवलंत, म्हणून बोर्ड गेला. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. तुमचे उपकार मी कसे फेडू? वाटलं, निदान हे तरी परत द्यावं. पण सहावा सूर काही बोलत नाही बघा. तुम्ही बनवून बॅटरीच्या जोरावर आत साठवलेले आवाज तर तिच्याबरोबरच गेले."

जावई आत आला. मग तो पलंगाच्या कडेवर, वायरींच्या तुकड्यांवरच बसला.

"आई, बॅटरी काढून ठेवायची असते हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "उभं ठेवलं तर काय होतं, तेही माहीत होतं. अर्ध्या तासाचं काम. मी मुद्दाम नाही काढली."

"मुद्दाम?"

"राग आला होता मला. तुम्हाला या म्हणालो ते मनापासून म्हणालो, पण हे उचलून पॅसेजमध्ये नेताना डोकं फिरलं. वाटलं, सडू दे. एक दिवस कुणाला तरी दिसेल, माझं काय गेलं ते. राग दोन-चार महिन्यांत गेला. मग आत काय झालं असेल ते बघायची लाज वाटत राहिली. आणि तुम्ही माझ्याच घरात पंखा विचारून लावता. ते ऐकलं की आणखी लाज वाटते."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं-पीं आवाज येत राहिला. सासूबाईंना वाईट वाटायला हवं होतं. त्यांनी आपल्या मनात शोधून पाहिलं, पण तिथे वाईट वाटण्यासारखं काही सापडेना. उलट छातीवरचं ओझं उतरलं होतं. दोन वर्षांत या घरात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याशी घरच्या माणसासारखं बोललं होतं. पाहुण्यापुढे कुणी आपला राग काढून ठेवत नाही. त्यांना त्या माणसाविषयी इतकी कृतज्ञता वाटली, की डोळ्यांत पाणी आलं आणि भिंगात सगळं धूसर दिसू लागलं.

"मूर्ख आहेस," त्या म्हणाल्या. "शुद्ध मूर्ख. चांगल्या वस्तूवर कुणी राग काढतं का? माझ्यावर काढायचास. मी काय गळणार होते?"

जावयाने मान वर केली. सासूबाईंनी त्याला आजवर अहो-जाहो सोडून कधी हाक मारली नव्हती.

"बघतोस काय? तो टॉर्च घे. हा बोर्ड मी उभा धरते, तू मागून उजेड पाड. हळूहळू सरकव. अरे इकडे, इकडे! ऑफिसात असाच काम करतोस का?"

तो टॉर्च सरकवत गेला. बोर्डावरच्या बारीक भोकांतून उजेडाचे ठिपके दिसू लागले. सहाव्या बिऱ्हाडाच्या टोकाला एक ठिपका इतरांपेक्षा मोठा होता. सासूबाई पुढे वाकल्या. पहिल्या पाचांना पुढे शेजार होता, त्यांची तांब्याची वाट बोर्डाच्या पुढच्या बाजूनेच, शेजारून यायची. सहावं शेवटचं. त्याला पलीकडे कुणी नव्हतं, म्हणून त्याची वाट बोर्डाच्या मागच्या बाजूने, या भोकातून वर येत होती. भोकातलं तांबं गळलेल्या खाराने खाऊन टाकलं होतं. चौथ्याकडे बघून बघून त्या आंधळ्या झाल्या होत्या.

"सापडलं गं बाई," त्या म्हणाल्या.

भोकातून एक वायर ओवली, दोन्ही बाजूंनी सोल्डर टाकलं. मनगट टेबलाच्या कडेला होतं, तरी थरथरत होतं; जावयाने न सांगता आपला पंजा त्याखाली ठेवला. मग त्याने मशीन चालू केलं आणि पट्टी दाबायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सहावा किंचित घोगरा लागला, पण लागला.

त्याने दोन्ही हातांनी सहा पट्ट्या एकदम दाबल्या. आवाज साधाच होता, कुठलीही नक्षी नसलेला, पण खोलीभर झाला. तो कितीतरी वेळ हात उचलेना. मुलगी कामावरून आली होती आणि चपला न काढता दारात उभी होती.

जावयाने खिशातून फोन काढला आणि उद्या येणाऱ्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं. फोन ठेवून तो सासूबाईंकडे वळला.

"आई, आवाज सगळे नव्याने बनवावे लागतील. वेळ लागेल. हा इथेच, तुमच्या खोलीत ठेवला आणि मी संध्याकाळी येऊन वाजवत बसलो, तर चालेल?"

सासूबाईंनी कपाळावरचं भिंग सोडलं.

"नऊपर्यंत," त्या म्हणाल्या. "नऊनंतर मला झोप येते. मग उठायचं आणि जायचं."