मागची सीट

माझी लेक एलिझाबेथ मोटरसायकली चालवून त्यांच्याबद्दल पुण्याच्या मासिकात लिहिते, आणि तिची प्रत्येक गाडी आधी मला पास करावी लागते. भिंगारच्या शाळेत मी तीस वर्षं मुलं पास-नापास केली, त्यामुळे हे काम मला जड नाही. मी साडी नेसून, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, मांडीवर पिशवी घेऊन तिच्या मागे बसते. चर्चला जाऊन येते. बाकीचे पत्रकार गाडी किती पळते ते लिहितात, माझी लेक मागच्या बाईचं काय झालं तेही लिहिते. गावोगावचे लोक तिचं वाचून गाडी ठरवतात, हे मी मिरवून सांगते.

या वेळच्या गाडीची शेपटी नुसती वर गेलेली, आणि मागे धरायला कडीसुद्धा नाही. एलीने सरळ लिहिलं, ‘घरच्यांना बसवायचं असेल तर ही गाडी घेऊ नका.’ छापायच्या आधी तिने ते रिवाजाप्रमाणे कंपनीला कळवलं आणि तिकडे आग लागली. वाक्य काढा, नाहीतर यापुढे आमची एकही गाडी मिळणार नाही, असा निरोप आला. गाडीच मिळाली नाही तर ही लिहिणार कशावर? मला धडकी भरली. एली मात्र निवांत चहा पीत होती.

समजूत घालायला कंपनीने ती सीट बनवणारा इंजिनिअरच पाठवला. आदिनाथ त्याचं नाव, मूळचा पुणतांब्याचा.

“मॅडम, ही तरुणांची गाडी आहे. असं एका बाजूला आता कोण बसतं?”

“तुम्ही बसा,” एली म्हणाली.

देवळाली प्रवराच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची पार चाळण केली आहे. तिथवर आम्ही दोघी गाडीवर गेलो, आदिनाथ मागून त्याच्या मोटारीने आला. मी रसवंतीवर थांबले. आदिनाथ दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसला, माझी पिशवी त्याच्या मांडीवर दिली. परक्या बाईच्या खांद्याला धरायची लाज, आणि दुसरं धरायला काही नाही. दोघं गेले तेव्हा तो हसत होता. परत आले तेव्हा पिशवी एलीच्या हँडलला लटकत होती आणि हा दोन्हीकडे पाय टाकून, शर्ट घामाने भिजवून बसला होता. मला मनापासून आनंद झाला.

रसाचा ग्लास त्याने न पिताच बाकावर ठेवला. मग त्याने घरी फोन लावला.

“आये, दिवाळीला मी ही गाडी घरी आनली हुती. तुला देवळात नेतो म्हनलो तर तू चालत का गेलीस?”

त्याच्या आईचा, बनुबाईंचा, आवाज खणखणीत, फोनबाहेर सगळा ऐकू आला. “आरं, आदल्या दिशी तू शेजारनीला मागं बसवून नेलंस, ती लई घाबरली हुती. धरायला कायबी न्हाई म्हनली.”

“मग मला बोलायचं न्हाई व्हय?”

“तू केलेली गाडी हाय. कसं बोलू?”

त्याने फोन खिशात ठेवला. रस तसाच राहिला.

“मॅडम, वाक्य आहे तसं छापा,” तो म्हणाला. “कंपनीत मी बघतो.”

“मी छापणारच होते,” एली म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली. मी तिच्या मागे बसले, तिचा खांदा घट्ट धरून.