एका माणसाचा कोनाडा

व्हिक्टोरिया राणीच्या काळातला आमचा रेल्वेपूल. दरीवर ओळीने उभ्या दगडी कमानी, खांब खाली रुंद आणि वर निमुळते. दीडेकशे वर्षं गाड्यांचा भार सोसला, पण हूं की चूं नाही. बांधणाऱ्यांनी हात राखून काम केलं नव्हतं. कद्रूपणा केला मेल्यांनी तो फक्त कठड्यातल्या कोनाड्यांत. गाडी आली की रूळ तपासणाऱ्याने अंग चोरून उभं राहायची ती जागा. त्या काळी पुलावर एकटाच माणूस फिरायचा, म्हणून कोनाडाही एका माणसाचा.

माझे बाबा आणि काका मात्र रूळ तपासायला जोडीने फिरायचे. एकदा दाट धुक्यात गाडी आली. काका कोनाड्यात वाचले, बाबा गेले.

"दोघं मावले असते," आई म्हणाली, आणि तेव्हापासून तिने काकांशी बोलणंच टाकलं. मी तेव्हा पाळण्यात होते. आता मी गवंडीकाम करते. गाड्या चालू असताना हल्ली पुलावर कुणी फिरत नाही, म्हणून डागडुजीसाठी पूल बंद झाला तेव्हा कोनाडे बुजवायचं काम माझ्याच वाट्याला आलं. घरी सांगितलं, तर आई लगेच चपला घालून तयार.

"त्यांनाही बोलाव," म्हणाली. "आज सोक्षमोक्ष लावते."

झालं! म्हटलं, आता पुलावर तमाशा.

आई कोनाड्यात शिरली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "या," ती काकांना म्हणाली. काका शेजारी घुसले. किती रेटलं, तरी त्यांचा एक खांदा आणि अर्धं पोट रुळांच्या बाजूला बाहेरच. मला हायसं वाटलं. सुटले बिचारे.

पण काकाच म्हणाले, "वहिनी, हे माप खोटं आहे. तेव्हा मी काडीपैलवान होतो. मावलोही असतो आम्ही दोघं. इतकी वर्षं मी हेच मोजतोय."

अहो काका, गप्प बसायला काय झालं होतं! माझा जीव नुसता तुटला.

आई त्यांच्याकडे वळली.

"तुम्ही असाल हो बारीक," ती म्हणाली. "पण हे कुठे बारीक होते? आपल्या दारातून तिरके शिरायचे. मला ठाऊक होतं, भाऊजी. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण कुणावर तरी चिडल्याशिवाय मला जगताच आलं नसतं."