नऊ फुटांचा हट्ट

दौलतरावांना लहान वस्तू मुळी आवडतच नसे. लग्नात त्यांनी हौसेने एवढा मोठा पलंग करून घेतला, की तो आत न्यायला दाराची चौकट काढावी लागली. त्यामुळे भातकापणीचं यंत्र भाड्याने आणायचं ठरलं आणि शिरगावच्या शेतकऱ्यांनी माप ठरवायचं काम नेमकं त्यांच्याच गळ्यात घातलं, तेव्हा त्यांची बायको बनूबाई मनातल्या मनात हसली.

२००७ साल होतं. तरणी पोरं अंबरनाथच्या कंपन्यांत लागलेली, कापणीला माणूस मिळेना. यंत्राच्या मालकाने सकाळी फोनवर विचारलं होतं, पुढचं कापणीचं तोंड, म्हणजे हेडर, सहा फुटी पाठवू की नऊ फुटी? ट्रकमध्ये एकच बसेल, तेव्हा संध्याकाळपर्यंत पक्कं कळवा.

"नऊ!" दौलतरावांनी फोनवर सांगितलं आणि घरातही तेच जाहीर केलं. "बेलवलीवाल्यांनी गेल्या साली सहा फुटी आणलं. आपण काय त्यांच्यापेक्षा कमी?"

"काका, पण सगळ्यांच्या शेतात गेलं पाहिजे ना ते," पुतण्या विनीत म्हणाला. तो कंपनीत लेथवर होता. मापाशिवाय बोलत नसे. त्याने बरोब्बर नऊ फुटांचा बांबू कापला. "हा आडवा धरून फिरू. बांबू जाईल तिथून यंत्र जाईल."

झालं! एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला पुतण्या, मागे निम्मं गाव. दौलतराव तोंडाने यंत्राची घरघर काढत होते, वळणावर हॉर्नही देत होते. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मोठ्या खाचरांतून बांबू मोठ्या झोकात फिरला.

घोडं अडलं ते शेवटी. ठमाबाईच्या आठ गुंठ्यांकडे जाणारी वाट एका बाजूला विहिरीचा कठडा आणि दुसऱ्या बाजूला नव्या बिल्डिंगची भिंत यांच्या चिमटीत सापडलेली. दौलतराव क्षणभर थांबले. मग त्यांनी आपलं टोक हळूच वर उचललं, बांबू तिरका झाला आणि दोघे अलगद पलीकडे गेले.

"गेलं बघा!" दौलतराव ओरडले. विनीतने काही बोलायला तोंड उघडलं, तर काकांनी डोळे वटारले.

ठमाबाई बांधावर बसली होती. सत्तरीची म्हातारी, घरात दुसरं कोणी नाही. गेल्या साली कापायला माणूस न मिळाल्याने तिचं निम्मं भात उभ्या उभ्या झडून गेलं होतं. ती लगबगीने उठली.

"म्हंजे माझं पन कापनार, दौलता? मी तर यंदा आशाच सोडली व्हती!" असं म्हणून तिने चक्क त्या बांबूला हात लावून नमस्कार केला.

दौलतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण बांबू नाही, या म्हातारीचं वर्षाचं जेवण तिरकं केलं, हे त्यांना कळून चुकलं.

"विनीत, मागे फिर," ते म्हणाले. "आता सरळ धर."

सरळ धरल्यावर बांबू खाडकन अडकला; वाट जेमतेम आठ फुटी होती. दौलतरावांनी जोर लावून पाहिला, पण भिंत काही त्यांना ओळखत नव्हती.

"अहो, यंत्र काही कुशीवर होऊन जायचं नाही," बनूबाई म्हणाली.

"ठमाआजीचं सोडलं तर बाकी सगळीकडे नऊ फुटी चालतंय," विनीत खालच्या आवाजात म्हणाला. "गावाचे दोन दिवस वाचतील, काका."

ठमाबाईकडे कोणी बघेना. ती मात्र दौलतरावांकडेच बघत होती.

दौलतरावांनी खिशातून मोबाइल काढला.

"सहा फुटी पाठवा," त्यांनी मालकाला सांगितलं.

"अहो, सकाळी तर नऊ म्हणत होता! मोठं नको?"

"मला मोठंच हवं होतं हो. पण नऊ फुटीत आमचं सगळं गाव मावत नाही. आणि लिहून घ्या, सुरुवात ठमाबाईंच्या शेतापासून करायची."