पुरे म्हणेपर्यंत

माझ्या खोलीत तेव्हा घड्याळ नव्हतं. तव्यावर मीठ तापवायचं, जाड फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी करायची, दुखऱ्या जागेवर ठेवायची आणि माणूस ‘पुरे’ म्हणेपर्यंत धरायची. पुरे म्हटलं की उचलायची. आत्याने मला हे असंच शिकवलं. तिला कुणी शिकवलं ते तिलाही सांगता येत नव्हतं. किती कढत आणि किती वेळ, हे शेकणारीने ठरवायचं नाही, ज्याचं दुखणं त्याने ठरवायचं, एवढंच तिचं म्हणणं. चाळीस वर्षं मी त्या एका शब्दावर काम केलं.

आमची गल्ली रंगाऱ्यांची. कापड टाकीत सोडून पायांनी तुडवावं लागतं, म्हणून बाई असो की बाप्या, सगळ्यांचे पाय घोट्याच्या वरपर्यंत निळे. कुठेही गेलं तरी आधी पाय दिसतात, माणूस मागून दिसतो. दिवसभर ओल्यात उभं राहून कंबर जाते, गुडघे धरतात, पोटऱ्यांत गोळे येतात. अशी सगळी दुखणी माझ्याकडे यायची. ताप-खोकला घेऊन कुणी आलं तर मी सरकारी दवाखान्यात जा म्हणायची. ते हो म्हणायचे आणि घरी जायचे.

दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता, लांब नव्हता. पण तिथे आमच्या व्याह्यांचं जे झालं ते सगळ्या गल्लीला पाठ होतं. माझी मुलगी ज्या घरात दिली त्या घरचे हे व्याही, टाकीवरचे मुकादम, बायको वारल्यापासून मुलगा-सुनेजवळ राहणारे. काही वर्षांपूर्वी ते पायाला चीर पडली म्हणून दवाखान्यात गेले. तिथल्या मदतनीस बाईला वाटलं हा मळ आहे. तिने त्यांना सगळ्या रांगेसमोर बाकावर बसवलं आणि फरशी घासायच्या ब्रशने पाय घासायला घेतले. रंग काही निघाला नाही, रक्त निघालं. रांगेतलं कुणीतरी हसलं. व्याही उठले आणि तसेच घरी आले. “पाय धुऊन मिळाले, औषध तेवढं राहिलं,” असं ते हसत सांगायचे. पण दवाखान्याच्या रस्त्याने जायचं त्यांनी सोडलं, आणि त्यांच्या मागे अर्ध्या गल्लीने.

पुढे तिथे नवी सिस्टर आली. ती एकदा गल्लीत चित्र चिकटवायला आली होती. चित्रात गुलाबी पाऊल, त्यावर लाल डाग, आणि खाली लिहिलेलं की पाय लाल दिसला तर ताबडतोब या. आमच्यातली एक बाई म्हणाली, “आणि निळा असला तर?” सगळ्या हसल्या. सिस्टर हसली नाही. तिने तो प्रश्न वहीत लिहून घेतला. जाता जाता माझ्या दारात थांबून म्हणाली की शेकताना जपा, कुणी भाजून घेईल. मला राग आला. चाळीस वर्षांत माझ्या हातून कुणी भाजलं नव्हतं.

व्याही माझ्याकडे आले ते उन्हं कलताना, काम आटपून. बोटांना मुंग्या येतात आणि पाय गार पडतात, म्हणाले. “माझेच पाय विहीणबाई, पण दुसऱ्याचे मागून आणल्यासारखे वाटतात.” मी त्यांना बाकावर बसवलं आणि मीठ तव्यावर टाकलं.

आमच्या बाप्यांची एक खोड आहे. पुरे म्हणायचं नाही. कढत टाकीत हात घालणारी माणसं ती, भाजलं म्हणायची लाज वाटते. बाजूला बसलेले मनात मोजत असतात. जो सगळ्यात उशिरा पुरे म्हणतो तो त्या दिवसाचा पाटील. मला हे ठाऊक होतं आणि मी त्यांचे चेहरे बघून पुरचुंडी उचलायची. ओठ आवळले, मान ताठ झाली की समजायचं.

व्याह्यांचे ओठ आवळले नाहीत. पहिली पुरचुंडी निवली तरी ते शेजाऱ्याशी गप्पा मारत होते. मी दुसरी तापवली. तीही निवली. बाकावरचे लोक त्यांच्याकडे बघायला लागले.

“व्याहीबुवा, पुरे म्हणायला तोंड दुखतं का?” मी विचारलं.

“विहिणीसमोर कण्हलो तर सून मला जेवायला वाढेल का?” ते म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. व्याही माझ्या बाकावर बसलेत, लोक बघतायत, आणि माझ्या हातचा शेक त्यांना इतका मानवतोय.

पुरचुंडी लावण्याआधी मी ती स्वतःच्या तळहातावर टेकवून बघायची. पण चाळीस वर्षं कढत मीठ धरून माझे तळहात पाटीसारखे झालेत. तापल्या तव्याची कड मी उघड्या हाताने धरते. त्या हाताला काय कळणार होतं, हा विचार मी तोवर कधी केला नव्हता.

व्याही रोज येत राहिले. चौथ्या दिवशी पुरचुंडी उचलली तर फडकं ओलं लागलं. मला वाटलं पायाचं पाणी असेल. नाकाशी नेलं तर वास वेगळा. खाली वाकून पाहिलं. करंगळीच्या मुळाशी निळी कातडी सुरकुतून सुटी झाली होती, आणि बोट लावल्यावर ती सरकली. व्याही शेजाऱ्याला कुणाच्या तरी म्हशीची गोष्ट सांगत होते. ते थांबलेसुद्धा नाहीत.

“दुखतंय का?” मी विचारलं.

“छे. परवापासून तर काहीच दुखत नाही. मुंग्याही गेल्या. तुमच्या हाताला गुण आहे, विहीणबाई.”

मी बाकीच्यांना सांगितलं की आज मीठ संपलं. मिठाची बरणी समोर भरलेली होती. तिच्याकडे बघत सगळे उठून गेले.

मग मी केरसुणीची एक काडी मोडून घेतली आणि व्याह्यांना डोळे मिटायला सांगितलं. लागलं की सांगा, म्हटलं. काडी गुडघ्याला लावली, ते म्हणाले लागलं. पोटरीला लावली, लागलं. घोट्याला लावली, तेव्हा जरा थांबून म्हणाले, लागलं. मग मी काडी माझ्या मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात बाजूला घेऊन बसले.

“लागलं,” व्याही म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “आता करंगळीला लागलं.”

डोळे उघडा म्हटलं. त्यांनी काडी माझ्या मांडीवर पाहिली. तोंडावरचं हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना.

जखमेवर लावायला माझ्याकडे एक मलम होतं. ते लावलं असतं तर वरून दोन दिवसांत सुकलं असतं आणि वरून बरं दिसलं असतं. ते खूश होऊन घरी गेले असते. मुलीच्या सासरी माझं नाव राहिलं असतं. हा विचार माझ्या मनात आलाच नाही असं मी म्हणणार नाही. मलमाच्या डबीकडे हात गेला होता.

“व्याही,” मी म्हटलं, “तुमच्या पायाला फोड आला होता, तो फुटलाय. तो माझ्या शेकाचा आहे. चार दिवस मी तुम्हाला भाजतेय.”

ते वाकून करंगळीकडे बघायला लागले. “मग मला कळलं कसं नाही?”

“तेच तर दुखणं आहे. शेकून जाणारं नव्हतं ते.”

दवाखान्यात जायला हवं म्हटल्यावर त्यांनी पाय ओढून घेतला. पाय सडून गळून पडला तरी त्या बाकावर पुन्हा बसणार नाही, म्हणाले. तुम्हीच काय ते बांधा, भाजलंत तुम्ही, बरंही तुम्हीच करा. आवाज चढवला नाही, पण मला त्यांचं ठाऊक होतं, एकदा नाही म्हटलं की ते नाहीच. मी पायावर धुतलेलं फडकं टाकलं, हलू नका म्हणून बजावलं आणि निघाले.

वाटेत मुलीचं घर. ती दारात कपडे पिळत होती. तिला मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिने पिळा बादलीत टाकला आणि म्हणाली, “आई, मामंजींचा पाय आहे तो.” एवढंच म्हणाली आणि माझ्या खोलीकडे धावत गेली.

दवाखान्यात रांग होती. मी सरळ सिस्टरच्या टेबलाशी गेले आणि सांगितलं की माझ्या हातून माणूस भाजलाय आणि त्याला कळत नाहीये. ती आता मला फाडून खाणार असं वाटलं होतं. तिने तीनच गोष्टी विचारल्या, वय किती, जखम ओली आहे का, वास येतो का. मग म्हणाली, घेऊन या. मी ब्रशची गोष्ट सांगितली. ती तिच्या आधीची, तिच्या कानावर आली नव्हती. ऐकून तिने पिशवी भरली आणि रांगेतल्या लोकांना दुसऱ्या सिस्टरकडे पाठवलं.

चालता चालता तिने मला विचारलं, “लाली कुठवर चढलीय ते मला दिसायला हवं. निळ्यात ती दिसणार नाही. तुम्ही लोक रंग कसा काढता?”

मी रस्त्यातच थांबले. त्या दवाखान्यातल्या कुणी आम्हाला हे कधी विचारलं नव्हतं. पाहुण्यांत जायचं असलं की आम्ही कोंडा कोमट पाण्यात भिजवतो, त्यात तेल घालतो आणि हलक्या हाताने चोळत बसतो. वेळ लागतो, पण निळा उतरून फिका होतो आणि कातडी दुखत नाही. तिने जखमेपासून लांब ठेवून करता येईल का ते विचारलं. येईल म्हटलं.

खोलीत शिरल्यावर सिस्टर बाकावर बसली नाही, खाली जमिनीवर बसली. व्याही भिंतीकडे तोंड करून होते.

“काका, पाय मांडीवर घेऊ का?”

“पांढऱ्या कपड्यांना रंग लागेल.”

“लागू दे.”

आधी तिने जखम स्वच्छ करून झाकली. मग पाय तिने धरला आणि कोंडा माझ्या मुलीने चोळला. मी पाणी कोमट करून देत होते, आणि प्रत्येक वेळी ते मुलीकडून बघून घेत होते. हळूहळू पावलाचा रंग उतरला, आणि फिक्या निळ्याखालून लाली वर आली, करंगळीपासून पावलाच्या मध्यापर्यंत. सिस्टरने पेन काढलं आणि लालीच्या कडेकडेने रेघ ओढली.

“काका, आत्ता चाललात तर बहुतेक बोटावर भागेल. ही लाली रेघेपुढे सरकली तर पायाचं मला सांगता येणार नाही.”

व्याही वाकून रेघ बघत राहिले. ती बघण्याची त्यांची रीत मला माहीत होती. कापडाचं एक टोक टाकीत असलं की रंग वर वर चढतो, आणि तो किती वेळात कुठे पोचेल हे मुकादमाला एका नजरेत कळतं.

“चढतोय,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “विहीणबाई, तुम्ही बरोबर येणार का?”

“भाजलं मी. मी नाही येणार तर कोण येणार?”

“आणि ब्रश?” हे त्यांनी सिस्टरला विचारलं.

“ब्रशला हात लावेल त्याची गाठ माझ्याशी आहे,” ती म्हणाली.

कापडाच्या हातगाडीवर बसवून जावयाने त्यांना नेलं. दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथे रक्तात साखर भरमसाट निघाली. ती कित्येक वर्षांची असावी असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी करंगळी काढली. लाली रेघेच्या एक बोट पुढे गेली होती, मग थांबली आणि मागे हटली. अठराव्या दिवशी व्याही घरी आले.

काय झालं ते मी गल्लीत स्वतःच सांगितलं होतं. त्यानंतर महिना-दीड महिना माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. मुलगी रोज पाणी भरून द्यायची, पण हंडा ठेवून निघून जायची. मी मीठ तापवायची नाही. काय करायचं ते सुचतही नव्हतं.

मग एक दिवस व्याही काठी टेकत आले. काखेत भिंतीवरचं घड्याळ होतं. खिळा कुठे ठोकू, म्हणाले. खिळा ठोकून झाल्यावर सांगितलं की मंगळवारी सिस्टर तुमच्या खोलीत बसणार आहे, मी तिला हो सांगून आलोय. मला विचारलं नाही म्हणून मी दोन शब्द सुनावले. “चार दिवस भाजताना मला तरी कुठे विचारलं होतंत?” ते म्हणाले, आणि हंडा घेऊन आलेली मुलगी त्यानंतर पहिल्यांदा हसली. त्या दिवशी ती हंडा ठेवून चहाला थांबली.

आता मंगळवारी सिस्टर साखर तपासते आणि कोंड्याचं भांडं तिच्या पिशवीशेजारी असतं. शेकायच्या आधी मी काडी लावून बघते, मिटल्या डोळ्यांनी. काडी कळली नाही तर शेक नाही, त्याने सिस्टरसमोर बसायचं. पुरचुंडी आता मुलगी हात लावून बघते, आणि माझं लक्ष घड्याळाच्या काट्याकडे असतं.

बाप्यांची खोड मात्र गेलेली नाही. परवा एक हमाल गुडघा शेकायला बसला होता. ओठ आवळलेले, मानेच्या शिरा वर आलेल्या, तरी गप्प. व्याही दाराशी बसले होते. ते उठले, चप्पल काढली आणि डावा पाय त्याच्या शेजारी बाकावर ठेवला.

“मीही असाच गप्प बसलो होतो,” ते म्हणाले. “बोटं मोज.”

हमालाने मोजली. मग म्हणाला, “पुरे.”

मी पुरचुंडी उचलली. व्याही चप्पल घालायला खाली वाकले. करंगळी नसल्यापासून ती चप्पल एका बाजूला सरकते, तिला पट्टा लावून घ्या म्हणून मी किती दिवस सांगतेय.