तिकडची थंडी

सहलीच्या ऑफिसातल्या मुलीने हसत सांगितलं होतं, "काका, सीझन नाही म्हणून घाबरू नका. तिथला हिवाळा म्हणजे काहीच नाही हो. दुपारी छान ऊन पडतं. संध्याकाळी एखादा पातळ स्वेटर, बस्स."

काकूंचा तिच्यावर काडीचा विश्वास बसला नाही. "ती तिकिटं विकते. आपला भोवऱ्या तिथे राहतो. कोणाचं खरं मानायचं?"

भोवऱ्या म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. डोक्यावर दोन भोवरे घेऊन जन्मला, तेव्हापासून घरात तेच नाव पडलं. समुद्रकाठच्या त्या परदेशी गावात हॉटेलात नोकरीला लागला आणि तिकडचाच झाला. आईवडील "येतो रे" म्हणाले की त्याचं उत्तर तयार असे. उन्हाळ्यात म्हणे गर्दी, मान वर करायला फुरसत नाही. आणि हिवाळ्याचं तर विचारूच नका! गुडघाभर बर्फ, माणूस उडवणारा वारा, दुकानांना टाळं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. "बाबांचे गुडघे आखडतील, आई. नकाच येऊ तुम्ही." फोन ठेवला की काकू डोळे पुसत. किती काळजी करतं पोरगं!

काकांनी जन्मभर सलून चालवलं होतं. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक आरशात बघून काय काय सांगतं, त्यात खरं किती आणि मीठमसाला किती, हे त्यांना बरोबर कळायचं. मुलाच्या बर्फात मीठमसाला जरा जास्त आहे, हे त्यांना केव्हाच कळलं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ते गप्प राहिले. नेमकी त्याच गावाची स्वस्त सहल निघाली आणि काकू हटून बसल्या. "त्याला कळवायचं नाही. एकदम दारात जाऊन उभं राहायचं. बघाच कसा गळ्यात पडतो ते!"

मग काकूंचं शिवणयंत्र धडधडायला लागलं. जुन्या रजया उसवून त्यांनी कापूस काढला, तो जाड अस्तरात भरला आणि कोट शिवले. दोन त्या दोघांचे, तिसरा भोवऱ्याचा. "हॉटेलचा शर्ट कसला पातळ असतो. राबतोय बिचारा तसाच गारठ्यात." कोट अंगात घालून काका आरशासमोर उभे राहिले. "अगं, गादीला हात फुटल्यासारखा दिसतोय मी," ते म्हणाले. काकूंनी गळ्यापर्यंत बटणं लावली आणि त्यांना गप्प केलं.

विमान उतरलं, बस सुटली. काका खिडकीला नाक लावून आकाश बघत होते. थंडीचा त्यांना मनापासून तिटकारा. पण आज आयुष्यात पहिल्यांदा ते थंडी मागत होते. पड रे बाबा. गुडघाभर नको, चिमूटभर पड, पण पोराला खरं ठरव.

ऊन पडलं होतं. स्वच्छ, पिवळं, उबदार ऊन. बसच्या ड्रायव्हरने बाह्या दुमडल्या होत्या. किनाऱ्यावर लोक बिनबाह्यांचे कपडे घालून फिरत होते, दुकानं सताड उघडी होती. काकांनी कोट काढून हातावर टाकला. काकूंनी नाही काढला. कपाळावरचा घाम टिपत म्हणाल्या, "आज उघडीप असेल."

भोवऱ्या कामाला होता त्या हॉटेलसमोर, रस्त्यापलीकडे बाक होता, तिथे दोघं टेकली. हॉटेलच्या अंगणात टेबलं मांडली होती आणि एक वेटर त्यांच्याकडे पाठ करून छत्री उघडत होता. काकांनी आधी डोकं ओळखलं. दोन भोवरे. कानामागे कुणा गाढवाने मशीन नको तितकी वर चढवली होती. त्यांचा हात आपोआप वर गेला, हाक मारायला.

"थांबा," काकू म्हणाल्या. "अचानक बघितलं तर घाबरेल. आधी फोन करते."

पलीकडे त्याने खिशातून फोन काढला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट. डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून त्याने कपाळावर हाताचा आडोसा धरला.

"हॅलो, काय रे राजा? हवा कशी आहे तिकडची?"

"काय सांगू, आई! सकाळपासून बर्फ. बोटं वळत नाहीत. बाहेर पाऊल टाकायची सोय नाही."

काकूंनी रस्त्यापलीकडे पाहिलं. समोरच्या टेबलावरचं कुणीतरी हसलं आणि तो मान हलवून त्याच्याकडे बघून हसला.

"आई? समुद्रासारखा कसला आवाज येतोय?"

"टीव्ही लावलाय यांनी," काकू म्हणाल्या. "कान झाकून घे हो. आम्ही आपलं म्हणत होतो, यावं का एकदा..."

"नको, नको! भलत्या थंडीत कशाला? पुढच्या वर्षी बघू."

"बरं. नाही येत आम्ही."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते ताडकन उठले. "मी जातो आणि विचारतो. आम्ही नकोत तर का नकोत, ते तोंडावर सांग म्हणावं!" लाज वाटत होती पोराला? दुसरं काही लपवत होता? की नुसताच कंटाळला होता? कारण कळलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

काकूंनी त्यांची बाही धरली. "अहो, नका जाऊ. खोटं उघडं पडलं की तोंड लपवेल तो. मग फोनसुद्धा करायचा नाही. फोन तरी राहू दे हो मला."

काका उभेच राहिले. पलीकडे मुलगा पेले उचलून आत गेला.

काकूंनी तिसरा कोट पिशवीतून काढला, मांडीवर नीट घडी घातली आणि पुन्हा आत ठेवला. चेहरा घामाने निथळत होता, पण गळ्याचं बटण तसंच होतं.

"काढ गं तो कोट," काका म्हणाले. "उकडतंय किती."

"नको. थंडी आहे. पोरगं खोटं नाही बोलत."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग हातावरचा कोट त्यांनी झटकला, अंगात घातला आणि त्या लख्ख उन्हात एकेक करून सगळी बटणं गळ्यापर्यंत लावली.

"हो गं," ते तिच्याजवळ खेटून बसले. "फारच थंडी आहे."