मरीआईचं कवच

"ही बाई दगडाला का चिकटलीय? उठवा तिला!" कारखान्याचे मोठे साहेब ओरडले.

सोजरबाई उठली नाही. करवंटीच्या तुकड्याने ती दगडावरचा चुना खरवडत होती. मी खुरपं टाकून तिच्याकडे धावले. आम्ही दोघी मोशीच्या. कंपनीच्या बागेत रोजंदारीवर गवत काढायचो.

तो दगड म्हणजे आमची मरीआई. रान सोजरबाईच्या सासऱ्याचं. जमीन घेताना हेच लोक म्हणाले होते, "देवी तुमचीच, कधीही या." मग भिंत आली, गेट आलं, पास आला. बिनपासाचं कुणी आत सोडेना, म्हणून सोजरबाईने खुरपं हातात घेतलं. स्वतःच्या देवीपाशी जायला तिला स्वतःच्याच रानात मजुरी करावी लागली. दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती आईला शेंदराचं बोट लावायची.

आज नातवाचा गोवर उतरला म्हणून तिने दहीभात आणला होता. आणि आजच परदेशी पाहुणे येणार होते. रंगाऱ्यांनी रस्त्याकडेचे सगळे दगड खाली गेरू, वर चुना असे रंगवून टाकले. त्यात आईही रंगवली. शेंदूर दिसला नाही? वाहिलेली हळद दिसली नाही?

"अहो बाई, गेटवर कंपनीने संगमरवरी देऊळ बांधलंय," साहेब म्हणाले. "नैवेद्य तिथे ठेवा."

"का वो सायेब, कुनी तुमच्या आईच्या तोंडाला चुना फासला, तर तुमी शेजारनीला आई म्हनाल व्हय?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. "वजीर, उचल हिला! आणि उद्यापासून ही आत दिसता कामा नये."

वजीर गेटवरचा वॉचमन. तो जागचा हलला नाही. "बाईमानसाला हात न्हाई लावनार, सायेब. त्यात ती निवद घेऊन बसलीय."

तेवढ्यात गाड्यांचे हॉर्न वाजले. साहेबांनी माळ्यांना पिटाळून कुंड्या आणवल्या आणि सोजरबाईपुढे ओळीने मांडल्या. माणूस झाकायला कुंड्या! पाहुण्यांनी त्या कुंड्यांचंच कौतुक केलं. साहेब हसले. माझा जीव नुसता जळत होता. कुंड्यांमागून करवंटीची खरखर येतच राहिली.

मग ती थांबली. मी मागे जाऊन पाहिलं. चुन्यासकट शेंदराचं जुनं, जाड कवच सुटून सोजरबाईच्या मांडीवर पडलं होतं. तिच्या सासूची, आजेसासूची बोटं होती त्यात. खाली काळा, उघडा दगड.

"आईनं कवच टाकलं, चतुरे," ती म्हणाली. तिने कनवटीची पुडी सोडली, शेंदराचं बोट लावलं, दहीभात ठेवला. "आता म्होरं कोन लावील गं?"

"मी हाय की."

"तुला तरी किती दिस ठेवत्यात, बघू."

टाकलेलं कवच नदीत सोडायचं असतं. सुट्टी झाल्यावर तिने ते पदरात घेतलं. गेटवर आम्हा कामगारांची रोज झडती व्हायची. मग दिंडीदरवाजातून एकेकाने वाकून बाहेर पडायचं. सोजरबाईने वजीरपुढे पदर पसरला.

"नीट बघ, भाऊ. कंपनीचं काय न्हाई त्यात."

वजीरने पदराकडे पाहिलंच नाही. तो वळला आणि साहेबांच्या गाड्यांसाठीचा मोठा दरवाजा त्याने दोन्ही हातांनी ओढून उघडला. सोजरबाई न वाकता बाहेर पडली आणि इंद्रायणीच्या वाटेला लागली.